वाबळ्यांच्या रोल्सची पाळी

शुक्रवार, ५ फेब्रुवारी १९७१
देवळाली प्रवरा

रोल्स-रॉइस कंपनीचं काल लंडनमध्ये दिवाळं वाजलं. सकाळी रेडिओवर अर्धवट ऐकलं होतं. दुपारी नगरहून संपादक राधाकृष्णपंतांनी पोस्टातल्या फोनवर दुजोरा दिला. टेलिप्रिंटरवर सविस्तर आलंय म्हणाले. विमानाचं नवं इंजिन बनवायला घेतलं आणि त्यात कंपनी बुडाली. मोटारींचा धंदा नीट चालला होता, पण नाव एक, घर एक, म्हणून तोही दिवाळखोरीचा कारभार बघणाऱ्या रिसीव्हरच्या ताब्यात.

“निसळ, जिल्ह्यातली एकुलती एक रोल्स तुमच्या गावात आहे ना?” पंत ओरडून बोलत होते, लाइन खराब होती. “पुढच्या रविवारच्या पुरवणीला दोन कॉलम पाहिजेत. कंपनीचा इतिहास, राजेरजवाडे आणि तुमचे ते वाबळे. शनिवारी दुपारच्या एस.टी.ने पाकीट आलं पाहिजे.”

हो म्हणालो. सव्वीस वर्षं या पेपरचा वार्ताहर आहे, नाही म्हणायची सवय राहिलेली नाही. पण या गाडीवर मी आजवर एक ओळ लिहिली नाही, आणि ते मुद्दाम. ती मला आवडत नाही. कानिफनाथ वाबळ्यांनी ती संस्थानं विलीन झाली त्या सुमारास कुठल्याशा राजाच्या लिलावात घेतली. गुळाला भाव होता, हातात पैसा खुळखुळत होता. १९३४ सालची गाडी. ती गावात आली तेव्हा अर्ध्या गावाच्या भिंती मातीच्या होत्या आणि गाडीला मात्र घडीव दगडाचा गाडीखाना झाला. शहाबादी फरशी, सागवानी दार, धुवायला शेजारी पाण्याचा हौद. माझ्या भाड्याच्या खोल्यांपेक्षा तो गाडीखाना आजही चांगला आहे. कलेक्टर आले की कानिफनाथ रोल्स घेऊन शिवेवर जायचे, कलेक्टर त्यांच्या जीपमधून उतरून रोल्समध्ये बसायचे, आणि मी धूळ खात सायकलवर मागे.

कानिफनाथ गेल्या वर्षी पौषात वारले. वर्षश्राद्ध झालं. आता दोघा भावांची, बन्सी आणि मच्छिंद्रची, वाटणी आहे. पंचांत मलाही बोलावलं आहे. गावात माझी जमीन नाही, भाऊबंद नाहीत, अक्षर चांगलं आहे. एवढीच पात्रता.

रविवार, ७ फेब्रुवारी

लेखासाठी वाबळ्यांकडे गेलो. दोघे भाऊ ओट्यावर एकमेकांकडे पाठ करून बसले होते. कंपनी बुडाल्याचं सांगितलं.

“म्हंजे आता सुटं पार्ट न्हाई मिळायचं,” मच्छिंद्र म्हणाला. धाकटा. गाडी त्याला चालवता येते, म्हणून ती आपलीच असं तो धरून चालतो. “भंगार झाली म्हना की.”

“भंगार तर भंगार. निम्मं भंगार माझं,” बन्सी म्हणाला.

“तुला गिअर टाकता येतो का?”

“तुला नांगर धरता येतो का? तरी जमीन घेतोच हायेस ना.”

मच्छिंद्रनं मळ्यात, पाटाच्या कडेला, नवा बंगला बांधला आहे. जुनं घर बन्सीच्या वाट्याला जाणार हे ठरल्यासारखंच आहे. त्यांची आई भागूबाई आतून चहा घेऊन आली. सत्तरीची, ताठ, तोंडाची तिखट.

“शामकांता, कंपनी बुडाली म्हंतोस, तर तिची पोरं बी वाटण्या करत्यात का रं?”

“मावशी, कंपनीला पोरं नसतात.”

“सुटली म्हन की,” म्हणाली आणि आत गेली.

बाहेर पडताना गाडी पाहिली. कानिफनाथांच्या मागेही तिच्यावर धुळीचा कण नाही. रोज कोण पुसतं विचारलं, तर बन्सी म्हणाला, “आई. तिला लई माया त्या गाडीची.” हे टिपून घेतलं. लेखात उपयोगी पडेल.

बुधवार, १० फेब्रुवारी

वाटणी झाली. सकाळी बसलो ते दिवस कलल्यावर उठलो. मुख्य पंच श्रीमंततात्या. त्यांनी आयुष्यात पन्नासेक घरं फोडली असतील, शांतपणे, सुपारी कातरत. जमीन निम्मी निम्मी, बैल बन्सीला, म्हशी मच्छिंद्रला. भांडी ओट्यावर दोन राशी करून मांडली आणि चिठ्ठी टाकली. विहीर कोणाच्या बापाला फोडता येत नाही. तिची पाळी ठरली.

मग गाडी. इथे तंटा पेटला. बन्सी म्हणे चाकं दोन-दोन वाटा. मच्छिंद्र म्हणे ह्याला इंजिन द्या, गळ्यात बांधून फिरू दे. शिव्या झाल्या. बन्सीच्या बायकोनं, रतनबाईनं, दारातून जाऊबाईच्या माहेराचा उद्धार केला.

तात्या म्हणाले, “ओरडू नका. इहिरीवानी करा. आठ दिस ह्याची पाळी, आठ दिस त्याची. बुधवार ते बुधवार.”

मोटारीला विहिरीचा न्याय! राजा गेला, कंपनी गेली, आणि रोल्स-रॉइस शेवटी मोटेच्या पाण्यासारखी पाळीवर आली. मनातून मला आनंद झाला हे इथे लिहायला हरकत नाही.

शेवटी आईचा प्रश्न निघाला. आधी ओरडत होते ते दोघे एकाच वेळी खाली बघायला लागले. बन्सी म्हणाला, तिला मळ्यातली मोकळी हवा बरी. मच्छिंद्र म्हणाला, तिचा जीव गावात रमतो. भागूबाई खांबाला टेकून ऐकत होती.

“मला बी पाळीच लावा की,” ती म्हणाली. “इहीर, गाडी आन् मी. तिघी बहिनी.”

तेव्हा मला सुचलं आणि मी सुचवलं: ज्या आठवड्यात ज्याच्याकडे गाडी नाही, त्या आठवड्यात त्याच्याकडे आई. दोन्ही पारडी सारखी. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. तात्यांनी सुपारी थांबवून माझ्याकडे पाहिलं. “वा शामकांतराव, वकील व्हायला पायजे हुता तुमी.” दोघा भावांनीही मान डोलावली. दिवसभरात दोघांनी एकदम मान डोलावली ती एवढीच. कागदावर ते कलम मी माझ्या हातानं घातलं. पहिली पाळी गाडीची मच्छिंद्रकडे, आईची बन्सीकडे.

घरी येऊन बायकोला, विजयाला, सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “छान. वजनाला वजन.” कौतुकानं म्हणाली असं वाटलं, पण पुढची भाकरी जोरात थापली.

शनिवार, १३ फेब्रुवारी

लेख दुपारच्या गाडीनं पाठवला. कंडक्टरनं पाकीट टोपीत खोचलं. सारांश इथे ठेवतो, पंत काय कापतील सांगता येत नाही.

हेन्री रॉइस गिरणीवाल्याचा मुलगा. बाप लवकर गेला, लहानपणी रस्त्यावर पेपर विकले, तारा वाटल्या. पुढे विजेवरच्या याऱ्या, म्हणजे क्रेन, बनवल्या. एक जुनी फ्रेंच मोटार घेतली, ती पसंत पडली नाही म्हणून स्वतःच एक बनवली. चार्ल्स रोल्स हा उमरावाचा मुलगा, मोटारी विकायचा. १९०४ साली मँचेस्टरला दोघं भेटले. एकानं बनवायची, दुसऱ्यानं विकायची. नावात उमरावाचा मुलगा आधी, हेही रीतीला धरून. सहा वर्षांत रोल्स विमान कोसळून मेला. जगातली सर्वांत उत्तम मोटार, अशी कंपनीनंच जाहिरात केली आणि जगानं ती खरी मानली. आमच्याकडचे राजे तर आधी. रयतेला विहीर नाही आणि महाराजांच्या तबेल्यात एकाला एक लागून रोल्स.

एका महाराजानं अपमान झाला म्हणून रोल्सच्या केराच्या गाड्या केल्या, ही गोष्ट मी निरनिराळ्या महाराजांच्या नावानं ऐकली. पाहणारा माणूस एकही भेटला नाही. तसंच गाडीच्या बिल्ल्यावरच्या त्या दोन ‘आर’ अक्षरांचं. ती आधी तांबडी होती, रॉइस वारला म्हणून सुतकाची काळी केली म्हणतात. रंग बदलायचं आधीच ठरलं होतं, असंही एका ठिकाणी वाचलं. लोकांना सुतकाची गोष्ट आवडते. कंपनीला खोडायची घाई नसावी. फुकटची जाहिरात कोण खोडतो?

बोनेटच्या टोकाला पंख पसरून झुकलेली बाई असते. तिच्यासाठी जी नमुना म्हणून उभी राहिली असं सांगतात, ती एका लॉर्डाची सेक्रेटरी होती. पहिल्या महायुद्धात त्याच्याबरोबर हिंदुस्थानला यायला निघाली. जर्मनांनी बोट बुडवली. लॉर्ड वाचला, बाई गेली. पुतळी मात्र दर गाडीवर बसून इथे आलीच.

शेवटी वाबळ्यांची गाडी: सगळ्या पंचक्रोशीच्या वराती, कलेक्टरांची शिवेवरची सलामी आणि तिला लेकरासारखी जपणाऱ्या भागूबाई. कंपनी बुडाल्यामुळे आता अशा जुन्या गाड्यांना परदेशी शौकीन शोधत येतील, असंही एक वाक्य टाकलं. शेवट जरा भरीव लागतो.

बुधवार, १७ फेब्रुवारी

पहिली अदलाबदल. बातमीचा माणूस म्हणून मळ्यात हजर राहिलो.

बन्सीला चालवता येत नाही आणि मच्छिंद्र पोचवणार नाही. बन्सी स्वतःच्या वाटणीची बैलजोडी घेऊन आला, जू बांधलं, कासरा बंपरला अडकवला आणि रोल्स-रॉइस बैलांनी ओढत गावाकडे निघाली. बन्सी बैलांपुढे, स्टिअरिंगला त्याचा मेहुणा. पाटाच्या चढावर बैल बसले. ऊसतोडीची माणसं कोयते टाकून बघायला आली. एक बाई म्हणाली, “पाटील, पेट्रोल कडबा खातंय व्हय?” बन्सीनं चाबूक तिच्या दिशेनं उगारला आणि बैलांवर मारला.

गाडीखान्यात पोचल्यावर कळलं, मच्छिंद्रनं बॅटरी काढून घेतली आहे आणि बोनेटवरची पुतळीही. बन्सीनं अंगणात उभं राहून गल्ली डोक्यावर घेतली. “बाई कुठंय? माझ्या पाळीची बाई कुठंय? कागदात गाडी हाय, बाईसकट हाय!” मेहुण्याला सायकलवर मळ्यात पिटाळलं. मच्छिंद्रनं पुतळी दिली, बॅटरी नाही. पुतळी आल्यावर रतनबाईनं ती पुसून देव्हाऱ्यात ठेवली, म्हणजे जाऊबाईला पुन्हा हात लावता येणार नाही.

या गोंधळात भागूबाई ओट्यावर बोचकं घेऊन बसून होती. नियमानं आजपासून तिची पाळी मच्छिंद्रकडे. मच्छिंद्र न्यायला आला नाही. बन्सी म्हणाला, “नेयाचं ज्याचं त्यानं. म्या गाडी आनली का न्हाई वढून?” दुपारी विजयानं तिला आमच्याकडे जेवायला आणलं. जेवण झाल्यावर उठली, बोचकं घेतलं. “पाळी चुकंल माझी,” म्हणाली आणि परत ओट्यावर जाऊन बसली.

कलमात ‘न्यावे’ की ‘पोचवावे’ हे लिहायचं राहिलं. पुढच्या कागदात लक्षात ठेवलं पाहिजे.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

भागूबाई गाडीत राहायला गेली. गाडीखान्यात उभ्या असलेल्या रोल्सच्या मागच्या सीटवर तिचं बोचकं, एक गोधडी, पाण्याचा तांब्या. रतनबाई म्हणते, आमची पाळी नाही, आम्ही जेवायला देणार नाही. विजया दोन वेळा भाकरी नेऊन देते. मी म्हटलं, आपण पंच आहोत, एका बाजूला झुकल्यासारखं दिसेल. तिनं भाकरीवर झाकण ठेवलं आणि गेली.

मी जाऊन पाहिलं. काच खाली करून म्हातारी बाहेर बघत होती, एखाद्या राणीसारखी. नवरा गेला, घर फुटलं, तरी रोल्सचा मोह सुटत नाही. राजांना लागलेलं वेड इथवर झिरपलं. हा दुसरा लेख होतो. पंतांना कळवलं. लगेच पाठवा म्हणाले.

सोमवार, २२ फेब्रुवारी

मुंबईहून मर्चंट नावाचे एक गृहस्थ आले. आमचा पेपर त्यांना कुणीतरी दाखवला म्हणे. गोरे, बुटके, पांढरे बूट. गाडी पाहिली, बोनेट उघडलं, जमिनीवर आडवं होऊन खालून पाहिली आणि कपडे झटकत म्हणाले, घेतो. आत बसलेल्या भागूबाईला त्यांनी वाकून नमस्कार केला. त्यांना वाटलं ती दाखवायला बसवली आहे.

मर्चंटांना आधी बन्सी एका बाजूला घेऊन बोलला, मग मच्छिंद्र दुसऱ्या बाजूला. परवापर्यंत जी भंगार होती तिच्या एकेका चाकावरून आता दोघे भांडतात. लोभ माणसाला कसा अचानक सुटतो, हे कळत नाही.

बुधवार, २४ फेब्रुवारी

दुसरी अदलाबदल. मच्छिंद्र बॅटरी घेऊन आला. गाडी सुरू झाली. आठवडाभर बॅटरीविना उभी असूनही पहिल्या फटक्यात. आवाज नाहीच. हे मात्र कबूल केलं पाहिजे.

“आये, उतर खाली.”

“का?”

“आज गाडीची पाळी माझी. तुझी पाळी बन्सीकडं.”

“मागल्या बुधवारी तुझ्याकडं हुती. तवा कुठं गेल्तास?”

“आता ते उगाळू नको. उतर.”

“गाडीला दोघं बी येता, बैल घिऊन येता, बॅटऱ्या घिऊन येता. म्या गाडीतच बसते. जिकडं गाडी तिकडं मी. चल, हाक.”

गल्ली जमली होती. आईला ओढून काढायची छाती कुणाची होईना. मच्छिंद्र दात खात बसला आणि तशीच गाडी हाकली. बन्सी हसत टाळ्या पिटत होता. मळ्यात बंगल्याला पडवी आहे, तिच्यात गाडी उभी केली. भागूबाई गाडीतच. मच्छिंद्रची बायको, छबूबाई, म्हणते, नियमानं आमच्याकडे गाडी, आई नाही. तीही भाकरी देत नाही. विजया आता सायकलवरून कोणाला तरी पाठवते.

मी तात्यांना विचारलं, कलम मोडलं का? तात्या म्हणाले, “कलम न्हाई मोडलं, म्हातारीनं त्यात बूड टेकलं.”

शनिवार, २७ फेब्रुवारी

दुसरा लेख पाठवला. मथळा: ‘मोटारवेडी भागूबाई’. राजवाड्यापासून गाडीखान्यापर्यंत एका नावाची भूल. बरा उतरलाय. निवडणुकीच्या बातम्यांमुळे जागा कमी आहे, पण पंत म्हणाले हा घेतोच.

मंगळवार, २ मार्च

भाऊ एक झाले. गाडी मर्चंटांना द्यायची. आकडा कानावर आला. तो इथे लिहीत नाही, लिहिला तर मला झोप लागणार नाही. दोघे एका मोटरसायकलवर बसून माझ्या दारात आले. हे दृश्य गावानं दाराबाहेर येऊन पाहिलं.

अडचण मागोमाग आलेल्या मर्चंटांनी काढली. गाडी कानिफनाथांच्या नावावर. वारस तीन. विधवेचा अंगठा लागतो, आणि बाई गाडीबाहेर असलेली लागते.

“पण वाटणी तर झाली,” मी म्हणालो.

त्यांनी वाटणीचा कागद मागितला, चष्मा लावून वाचला. “मिस्टर निसळ, ह्यात विडो हिस्सेदार म्हणून नाही. हे काय, ती आयटममध्ये आहे? विहिरीच्या खाली, म्हशींच्या वर?”

मी पाहिलं. तसंच आहे. घेणाऱ्यांत तिचं नाव नाही, वाटल्या गेलेल्यांत आहे. अक्षर माझं. दिवसभर बसून लिहिताना ओळ कुठे घालावी एवढाच विचार केला होता. नंतर बाकीच्या दोन्ही पंचांना विचारलं, तर म्हणाले, आम्ही नेहमी असंच लिहितो.

“काका, तुमीच समजवा तिला,” मच्छिंद्र म्हणाला. “तुमी पेपरात इतकं चांगलं लिवलं तिच्यावर.”

बुधवार, ३ मार्च

मळ्यात गेलो. गाडी पडवीत, दार उघडं, भागूबाई पायदानावर पाय सोडून शेंगा सोलत होती. अदलाबदलीचा वार, पण आज बैल आले नव्हते.

“ये. बस.” तिनं शेजारची सीट दाखवली. मी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा रोल्समध्ये बसलो. कातडं थंड आणि मऊ. ओशाळवाणं वाटलं आणि बरंही.

“तू छापलंस म्हनं, मला गाडीचं याड हाय. मास्तरच्या सुनेनं वाचून दावलं.”

“मावशी, तुमची माया पाहून—”

“कसली माया? ह्या मढ्याला म्या रोज पुसलं. मालकांचा हुकूम. गड्यानं पुसलं तर चरे पडत्याल, बाई पुसंल. लुगड्याचा मऊ फडका लागायचा. नवं लुगडं दोन धुन्यांत हिच्या अंगाखाली जायचं.”

“पण तुम्ही तर हौसेनं…”

“तुला कोन म्हनलं?”

बन्सी म्हणाला होता. मी टोपी सारखी केली.

“आरं, म्या ह्या माघापोतर हिच्यात बूड टेकलं नव्हतं. गावच्या समद्या नवऱ्या मुली बसल्या, कलेक्टर बसला, त्याचं कुत्रं बसलं. आमी बाया बसलो तर गादी मळती. जत्रंला म्या बैलगाडीत, मालक हिच्यात. मागं धूळ कुनी खाल्ली, ठावं हाय का तुला?”

“मलाही ठाऊक आहे,” मी म्हणालो. ती पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून हसली. दात नाहीत, हसू कडू.

“मग का बसून आहात?”

“हिला न्यायला येत्यात म्हनून. सुगीत बैल मोकळं करून येत्यात. मला न्यायला कुनी आलं? तूच लिवलंस ना, जिथं गाडी न्हाई तिथं आई. म्हंजे गाडीचा तोटा भरून काढायची मी. मग म्या म्हनलं, गाडीतच बसावं. कुनी ना कुनी दारात तरी नेईल.”

मी पेन काढलं होतं. हे वाक्य लिहून घेतलं. पण छापून आलेल्या लेखात ते आता बसत नाही, आणि पंत दुरुस्त्या छापत नाहीत.

“गाडी विकतायत,” मी म्हणालो. “अंगठा मागतायत तुमचा.”

“देते की. आज घे. इकून टाका ही अवदसा.” शेंगांची टरफलं तिनं रोल्सच्या गालिच्यावर टाकली, सावकाश, मूठ उघडून. “पन गाडीखाना माझा. दगडाचा हाय, दाराला आतून कडी हाय, शेजारी पान्याचा हौद हाय. माझ्या एकटीच्या नावावं. आन् हौदात माझं पानी, आठवड्यातून एक दिस इहिरीची तिसरी पाळी. कुनाच्या दारात मला बुधवार नको.”

“बन्सी द्यायचा नाही. तो त्याच्या घराला लागून आहे.”

“मग अंगठा बी त्याच्या घराला लागून न्हाई. सांग त्येला.”

परत येताना सायकल हातात धरून चालत आलो. विजयाला सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. तिला आधीच माहीत होतं का, हे मी विचारलं नाही.

शुक्रवार, ५ मार्च

आज पंच पुन्हा बसले. या वेळी भागूबाईला हिस्सेदार म्हणून समोर बसवलं; तात्यांनी स्वतः घोंगडी अंथरली. रतनबाई म्हणते, गाडीखान्यात यंदा कांदा भरायचा आहे. बन्सी म्हणतो, घराला लागून दुसऱ्याची भिंत म्हणजे छातीवर दगड. मच्छिंद्र लगेच म्हणाला, “मला मान्य हाय. द्या आईला.” त्याचं काही जात नाही. त्यावर बन्सीनं त्याला चप्पल फेकून मारली, ती माझ्या टोपीला लागली. मर्चंट खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते.

भागूबाई एकच वाक्य बोलली. “माझं नाव वर लिव, शामकांता. म्हशीच्या वर न्हाई, पोरांच्या वर.” मी लिहिलं. नवा कागद तयार आहे. तीन नावं, सर्वांत वर तिचं. सह्या बाकी.

रतनबाईनं देव्हाऱ्यातली पुतळी अजून दिलेली नाही. बाईशिवाय गाडी घेणार नाही, असं मर्चंटांनी तीनदा बजावलं.

त्यांचा ट्रक नगरहून उद्या दुपारपर्यंत येईल. गाडी गेली नाही तर बन्सीच्या हातून निम्मा पैसाही जातो, म्हणून तो सकाळी कबूल होईल, असं श्रीमंततात्यांनी मला चावडीवर सांगितलं. मर्चंट तेवढे खात्रीत नाहीत. राधाकृष्णपंतांना संध्याकाळच्या आत दहा ओळी हव्या आहेत, काहीही झालं तरी.

भागूबाईनं कुणाच्या कबुलीची वाट पाहिलेली नाही. आज दुपारी पंचांतून उठून ती थेट गाडीखान्यात गेली. कुंभाराकडून पाटीभर माती मागवली, गव्हाचा भुसा घातला आणि हौदाचं पाणी ओतून पायानं तुडवली. विजया मदतीला गेली होती. अजून तिच्या पावलांना चिखल आहे. गोळा ओल्या पोत्याखाली झाकून ठेवला आहे. उद्या गाडी जाईल त्या जागी, फरशीवर, चूल घालायची आहे.